सिंगल-ॲक्शन रिमफायर रिव्हॉल्व्हरच्या मालकीचे टिकाऊ आकर्षण : अमेरिकी वस्तुसंस्कृतीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

एखाद्या वस्तूची उपयुक्तता संपली की ती अडगळीत जाते, असा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील सर्वसाधारण समज आहे. मात्र काही वस्तू या समजाला छेद देतात. अधिक वेगवान, अधिक शक्तिशाली आणि अधिक सोयीची साधने उपलब्ध असतानाही त्या टिकून राहतात. इतकेच नव्हे, तर त्यांची मागणी पिढ्यान्‌पिढ्या कायम राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बनणारे .२२ इंच व्यासाचे सिंगल-ॲक्शन रिमफायर रिव्हॉल्व्हर हे अशा वस्तूंचे ठळक उदाहरण होय. लष्कर, पोलीस किंवा आत्मसंरक्षण या तिन्ही दृष्टींनी ते कालबाह्य आहे. तरीही १९५३ मध्ये स्टर्म-रुगर या कंपनीने बाजारात आणलेले ‘सिंगल-सिक्स’ आणि त्याच्या धर्तीवरील इतर रिव्हॉल्व्हरे सत्तर वर्षांनंतरही विकली जातात, जपली जातात आणि वारसाहक्काने पुढील पिढीकडे सोपवली जातात.

या आकर्षणाचे स्वरूप काय आहे, ते कसे घडले आणि त्याची किंमत कोणती, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या वस्तूचे आकर्षण तिच्या सामर्थ्यात नसून तिच्या मर्यादांमध्ये आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. मात्र याच मर्यादांमुळे तिच्याभोवती ‘निरुपद्रवी’पणाचे जे वलय निर्माण होते, त्याची चिकित्सा केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होऊ शकत नाही.

यंत्ररचना आणि मर्यादेचे स्वरूप :

विषयाच्या आकलनासाठी प्रथम दोन संज्ञांचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप केवळ एकच काम करतो : चढवलेला घोडा सोडणे. घोडा चढवण्याचे काम प्रत्येक गोळीच्या वेळी अंगठ्याने करावे लागते. घोडा मागे खेचला जात असतानाच काडतुसांचे चक्र एका घराने फिरते आणि नवे काडतूस नळीच्या रेषेत येते. डबल-ॲक्शन रचनेत हे सर्व चाप ओढण्याच्या एकाच क्रियेत घडते. शिवाय सिंगल-ॲक्शनमध्ये चक्र बाजूला उघडत नाही. उजव्या बाजूची छोटी झडप उघडून एकेक काडतूस भरावे लागते आणि रिकाम्या पुंगळ्या नळीखालच्या दांडीने एकेक करून ढकलून काढाव्या लागतात.

दुसरी संज्ञा रिमफायर ही होय. मोठ्या काडतुसांमध्ये आघाताने पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवलेले असते. रिमफायर काडतुसात ते पितळी पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि घोड्याचा आघात त्या कडेवरच होतो. आघात होण्यासाठी पुंगळीची कड पातळ ठेवावी लागते. त्यामुळे या काडतुसात फार मोठा दाब निर्माण करता येत नाही. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस आणले. आज सर्वत्र प्रचलित असलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. त्याच्या प्रचलित गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. धक्का नगण्य, आवाज तुलनेने कमी आणि किंमत अल्प ही त्याची वैशिष्ट्ये होत. भारतातील महाविद्यालयांनाही हे काडतूस अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नेमबाजी प्रशिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या ‘पॉइंट टू-टू’ रायफल वापरली गेली आहे, आणि तिची निवडही याच कारणांसाठी झालेली आहे.

थोडक्यात, सहा गोळ्या, मंद गती, एकेक करून भरणे आणि अल्प शक्ती ही या रिव्हॉल्व्हरची लक्षणे आहेत. युद्धाच्या किंवा आणीबाणीच्या दृष्टीने हे सर्व दोषच ठरतात. मालकीच्या दृष्टीने मात्र हेच दोष गुण कसे ठरले, हे पाहणे उद्बोधक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सॅम्युअल कोल्ट यांना फिरत्या चक्राच्या बंदुकीचे अमेरिकी एकस्व १८३६ मध्ये मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७३ मध्ये, कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर अमेरिकी लष्कराने स्वीकारले. नांगराच्या मुठीसारखी वळणदार मूठ, उघडा घोडा आणि सरळ नळी ही त्याची आकृती पुढे साऱ्या जगाच्या परिचयाची झाली. परंतु तांत्रिक दृष्ट्या या रचनेचे आयुष्य फार मोठे नव्हते. कोल्टनेच १८७७ मध्ये डबल-ॲक्शन आणि १८८९ मध्ये चक्र बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १८९० च्या दशकात लष्करानेही नव्या रचनेकडे वळण घेतले. १९४० च्या सुमारास कोल्टने ‘सिंगल ॲक्शन आर्मी’चे उत्पादन थांबवले.

वस्तूचे तांत्रिक आयुष्य असे ओसरत असताना तिचे प्रतीकात्मक आयुष्य मात्र बहरत होते. बफेलो बिल कोडी यांचे ‘वाइल्ड वेस्ट’ प्रयोग १८८३ पासून सुरू झाले. १८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी सीमाप्रदेशाच्या अनुभवातून अमेरिकी स्वभाव घडला, असा सिद्धान्त मांडला. ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ मध्ये आणि एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा चित्रपट १९०३ मध्ये आला. सीमाप्रदेश प्रत्यक्षात संपत आला तेव्हाच तो रंगमंचावर, पुस्तकात आणि पडद्यावर अवतरला. या साऱ्या चित्रणात सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर हे जणू एक पात्रच बनले.

१९५३ : मिथकाचे परवडणारे रूप :

दूरचित्रवाणीने या मिथकाला घरोघरी नेले. ‘हॉपअलाँग कॅसिडी’ १९४९ मध्ये, तर ‘गनस्मोक’ १९५५ मध्ये छोट्या पडद्यावर आले. पैकी ‘गनस्मोक’ १९७५ पर्यंत चालले. १९५९ च्या सुमारास मुख्य प्रसारणवेळेत पश्चिमी धाटणीच्या २५ हून अधिक मालिका चालू होत्या. अशा वेळी प्रेक्षकांना हवी असलेली वस्तू बाजारात नव्हती, कारण कोल्टचे उत्पादन बंद होते.

ही पोकळी विल्यम बी. रुगर यांनी ओळखली. त्यांनी आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे कंपनी स्थापन केली होती. .२२ चे एक स्वयंभरणी पिस्तूल ३७.५० डॉलरला विकून त्यांनी आरंभ केला. स्टर्म यांचे १९५१ मध्ये अकाली निधन झाले. १९५३ मध्ये रुगर यांनी ‘सिंगल-सिक्स’ आणले. त्याची बाह्याकृती कोल्टची, पण अंतर्रचना आधुनिक होती. जुन्या कोल्टमधील सहज मोडणाऱ्या पात्यांच्या स्प्रिंगांऐवजी त्यात तारेच्या वेटोळ्या स्प्रिंगा वापरल्या होत्या. सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा होता आणि तो मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करून बनवला जाई. भारतीय धातुशिल्पाच्या परंपरेत मधूच्छिष्ट पद्धती म्हणून जे तंत्र ओळखले जाते, त्याचेच हे औद्योगिक रूप होते. यामुळे यंत्रावर कोरून घडवण्याचा खर्च वाचला आणि टिकाऊपणाही साधला.

या निर्मितीत मिथक आणि काटकसर यांचा मेळ होता. ग्राहकाला हवी होती ती १८७३ ची आकृती. त्याला परवडत होते ते.२२ चे काडतूस. आणि कारखान्याला जमत होते ते ओतकाम. त्या काडतुसांची विक्री पन्नासच्या डबीत होई, आणि पाचशे काडतुसांच्या गठ्ठ्याला अमेरिकेत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, असे घरगुती नाव पडले. कोल्टने १९५६ मध्ये आपले मूळ रिव्हॉल्व्हर पुन्हा आणले तेव्हा त्याची किंमत १२५ डॉलर होती. पुढच्याच वर्षी कोल्टलाही ‘फ्रंटियर स्काउट’ हे .२२ चे स्वस्त रूप काढावे लागले. १९५९ मध्ये .२२ मॅग्नम हे अधिक लांब काडतूस आले आणि त्यानंतर दोन काडतुसांसाठी दोन अदलाबदली करता येण्याजोगी चक्रे देण्याची प्रथा रुळली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हे आकर्षण लोकमानसातून उगवले की कारखान्याने पेरले? पामेला हॅग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द गनिंग ऑफ अमेरिका’ या ग्रंथात अमेरिकी बंदूक-संस्कृती ही मोठ्या प्रमाणात व्यापारी प्रयत्नांतून घडली, असे प्रतिपादन केले आहे. सिंगल-सिक्सचे उदाहरण या प्रतिपादनाला पूरक आहे, परंतु ते तेवढ्यावर थांबत नाही. दूरचित्रवाणीवरील पश्चिमी मालिकांची लाट १९७० च्या दशकात ओसरली. रिव्हॉल्व्हरची मागणी मात्र ओसरली नाही. तेव्हा जाहिरात आणि मिथक यांच्यापलीकडील कारणे शोधणे क्रमप्राप्त ठरते.

मालकीचे अर्थ :

पहिले कारण शैक्षणिक आहे. प्रत्येक गोळीपूर्वी घोडा चढवावा लागत असल्यामुळे प्रत्येक गोळी हा एक स्वतंत्र निर्णय ठरतो. चाप हलका असल्यामुळे नेम बिघडत नाही. धक्का नसल्यामुळे नवशिक्याला भीती वाटत नाही. सहा गोळ्या संपल्या की थांबणे भाग पडते, आणि पुन्हा भरताना शिकवणाऱ्याला बोलण्यास अवसर मिळतो. वेगवान पिस्तुलात हा अवकाश नसतो. मंदपणा हा येथे अध्यापनाचा भाग बनतो.

दुसरे कारण वारशाचे आहे. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याला २१ वर्षांखालील व्यक्तीस हातबंदूक विकता येत नाही. १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींना हातबंदूक बाळगण्यास मनाई केली. नेमबाजी, शिकार, शेतीकाम आणि प्रशिक्षण यांसाठी पालकांच्या लेखी संमतीने अपवाद ठेवले. त्यामुळे अनेक अमेरिकी घरांत पहिली ओळख होते ती वडिलांच्या किंवा आजोबांच्या रिव्हॉल्व्हरशी. अल्प दाबाच्या काडतुसामुळे ते सहसा झिजत नाही, आणि योग्य निगा राखल्यास दोन-तीन पिढ्या सहज पुरते. वस्तू माणसाहून अधिक जगते तेव्हा ती स्मृतीचे वाहन होते.

तिसरे कारण समजून घेण्यासाठी वस्तुसंस्कृतीच्या अभ्यासाकडे वळावे लागते. मूळचे मुंबईचे मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांनी वस्तूंच्या सांस्कृतिक चरित्राची संकल्पना मांडली आहे. बाजारात वस्तू विक्रेय माल असते. मालकाच्या घरात ती हळूहळू एकमेव, न विकण्याजोगी होत जाते. आणि कधी तरी पुन्हा बाजारात परतते. सिंगल-सिक्सचे चरित्र असेच आहे. एका साच्यातून निघालेल्या असंख्य नगांपैकी एक नग मुठीवरील झिजेमुळे, एखाद्या ओरखड्यामुळे, देणाऱ्याच्या नावामुळे अद्वितीय होतो.

या तिन्ही कारणांच्या मुळाशी मर्यादाच आहे, हे लक्षात येईल. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ७२ टक्के अमेरिकी बंदूकधारकांनी संरक्षण हे मालकीचे प्रमुख कारण सांगितले. शिकार ३२ टक्के, नेमबाजी ३० टक्के आणि संग्रह १५ टक्के धारकांनी सांगितले. म्हणजेच बंदुकीची मालकी उत्तरोत्तर भयाशी जोडली जात असताना सिंगल-ॲक्शन .२२ हे मात्र भयाशी न जोडलेल्या मालकीचे प्रतिनिधित्व करते. २०१२ च्या अखेरीस सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर नव्या निर्बंधांच्या शक्यतेने खरेदीची झुंबड उडाली आणि २०१३ मध्ये .२२ ची काडतुसेही दुकानांतून दिसेनाशी झाली. भयाची बाजारपेठ या शांत कोपऱ्यालाही स्पर्श करते, हे त्यावरून दिसून आले. तथापि २०१९ मध्ये रुगरने ॲल्युमिनियम सांगाड्याचे ‘रँगलर’ हे स्वस्त सिंगल-ॲक्शन .२२ रिव्हॉल्व्हर २४९ डॉलर या छापील किमतीस आणले, यावरून आकर्षणाचा टिकाऊपणा सिद्ध होतो.

अस्सलपणा आणि सुरक्षितता यांतील पेच :

या आकर्षणाची खरी कसोटी १९७३ मध्ये लागली. जुन्या सिंगल-ॲक्शन रचनेत घोडा खाली असताना त्याच्या समोरच्या घरात काडतूस असेल, तर रिव्हॉल्व्हर हातातून पडल्यास किंवा घोड्यावर आघात झाल्यास गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांत पाचच काडतुसे भरावीत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवावा, हा एकोणिसाव्या शतकापासूनचा संकेत होता. संकेत पाळण्यावर सुरक्षितता अवलंबून असेल, तर तो विसरला जाणे अटळ असते. अपघात घडले, माणसे जखमी झाली, न्यायालयांत दावे दाखल झाले.

१९७३ मध्ये रुगरने ‘न्यू मॉडेल’ आणले. त्यात घोड्याचा आघात थेट पोचत नाही; चाप पूर्ण ओढलेला असेल तेव्हाच एक पोलादी पट्टी वर येऊन घोडा आणि आघात-सुई यांच्यामध्ये उभी राहते आणि आघात पुढे पोचवते. चाप सुटला की पट्टी खाली जाते. त्यामुळे सहाही घरे भरलेली ठेवणे शक्य झाले. मात्र या बदलाबरोबर जुन्या रचनेतील घोडा चढवतानाचे टप्पे आणि त्यांचा आवाज नाहीसा झाला. कोल्टच्या घोड्याचे चार टकटक आवाज म्हणजे कंपनीच्या नावाची चार अक्षरे, अशी लोकसमजूत अमेरिकेत आहे. रसिकांच्या दृष्टीने तो आवाज वस्तूच्या आत्म्याचा भाग होता.

१९८२ पासून कंपनीने जुनी रिव्हॉल्व्हरे विनामूल्य सुधारून देण्याची योजना सुरू केली. सुधारणेनंतर मूळ सुटे भागही मालकाला परत पाठवले जातात. या छोट्याशा तपशिलात मोठा अर्थ दडलेला आहे. संग्राहकांच्या बाजारात न बदललेल्या, ‘थ्री-स्क्रू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नगांना अधिक मान आणि अधिक मोल मिळते. साहजिकच अनेक मालक सुधारणा टाळतात. काही जण सुधारणा करून मूळ भाग डबीत जपून ठेवतात. अस्सलपणा राखावा की जीविताचा धोका टाळावा, असा हा पेच आहे. पुरातन वास्तूंच्या जतनात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. परंतु तेथे चुकीची किंमत सहसा दगडाला मोजावी लागते, येथे ती माणसाला मोजावी लागते.

‘निरुपद्रवी’ प्रतिमेची चिकित्सा :

लहान काडतूस म्हणजे जणू खेळणे, हा समज या वस्तूच्या आकर्षणाचा भाग आहे आणि तोच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. .२२ च्या काडतुसांच्या डब्यांवर गोळी दीड मैलापर्यंत घातक ठरू शकते, अशा आशयाची सूचना छापलेली असते. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली ती .२२ च्या रिव्हॉल्व्हरने. मार्च १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर हल्ला झाला, तोही .२२ च्या रिव्हॉल्व्हरने. त्यात चौघे जखमी झाले आणि माध्यम-सचिव जेम्स ब्रॅडी यांना कायमचे अपंगत्व आले. ही दोन्ही शस्त्रे सिंगल-ॲक्शन जातीची नव्हती. काडतुसाचा व्यास मात्र तोच होता.

याहून व्यापक वास्तव आत्महत्यांचे आहे. शासकीय आकडेवारीनुसार २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले; पैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. स्वतःचा जीव घेण्याच्या क्षणी काडतुसाची अल्प शक्ती किंवा यंत्राचा मंदपणा यांचे संरक्षण उरत नाही; कारण तेथे एकच गोळी पुरेशी असते. मुलांच्या हाती बंदूक पडू नये यासाठी केलेले कायदे तरुणांमधील आत्महत्यांचे प्रमाण घटवतात, असा निष्कर्ष रँड या संशोधन संस्थेच्या आढाव्यातही आढळतो. तेव्हा आजोबांचे रिव्हॉल्व्हर हे स्मृतीचे वाहन असले, तरी ते कुलपात असणे ही त्या स्मृतीइतकीच महत्त्वाची बाब आहे.

भारतीय वाचकाला या संपूर्ण चर्चेत एक मूलभूत अंतर जाणवेल. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्यास हक्काचे स्थान दिले, आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तिगत हक्क असल्याचे स्पष्ट केले. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक ही परवान्याची बाब आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे हौसेची, आठवणीची किंवा शिकवणीची बंदूक ही कल्पना येथे छात्रसेनेच्या मैदानापुरती आणि नेमबाजीच्या क्रीडासंस्थांपुरती मर्यादित राहिली आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सिंगल-ॲक्शन रिमफायर रिव्हॉल्व्हरचे आकर्षण केवळ स्मरणरंजनातून किंवा केवळ जाहिरातीतून स्पष्ट होत नाही. मिथकाने त्याला आकृती दिली, कारखानदारीने त्याला परवडणारी किंमत दिली, आणि त्याच्या मर्यादांनी त्याला घरात स्थान दिले. मंदपणामुळे ते शिकवण्याजोगे, अल्प दाबामुळे ते टिकणारे आणि साधेपणामुळे ते आपलेसे करण्याजोगे ठरले. परंतु मर्यादित शक्ती म्हणजे शक्तीचा अभाव नव्हे. १९७३ ची ती पोलादी पट्टी हे या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण होय. ती बसवल्याने आवाज बदलतो, बाजारमूल्य घटते. आणि रिव्हॉल्व्हर हातातून निसटले तरी गोळी सुटत नाही. वारशाने आलेल्या वस्तूवर प्रेम करणारा मालक यांपैकी कशाला अधिक मोल देतो, यावर त्या प्रेमाची जात ठरते.